दंड भरला, पण मोकळा झालो का?

आखाजी आली की खान्देशात पत्ते निघतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, सांजोऱ्या तळल्या जातात, गौराईची गाणी सुरू होतात आणि पुरुषमंडळी सावली बघून डाव मांडतात. यावल तालुक्यात साकळी घ्या, किनगाव घ्या, नाहीतर डोंगर कठोरा घ्या, वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूसही त्या दिवशी दोन डाव खेळून घेतो. कुणी रमी, कुणी झन्नामन्ना. सणाचा दिवस म्हणून पोलीसही बरेचदा काणाडोळा करतात. बरेचदा करतात, नेहमी नाही.

आता समजा, अशा एका डावात एकोणीस वर्षांचा पोरगा बसलाय. समोर पन्नास-शंभराच्या नोटा. तेवढ्यात धाड पडते. जे पळतात ते पळतात, आपला पोरगा सापडतो. पंचनामा होतो, पत्ते आणि रोकड जप्त होते, 'बारा अ' लागतो. हा 'बारा अ' म्हणजे जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२(अ). कायदा १८८७ चा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, आणि अजूनही ठणठणीत. पोराला अटकही होत नाही, हातात नुसती नोटीस पडते. पुढे यावलच्या कोर्टात तारीख लागते. बरोबर आलेले काका कानात सांगतात, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." पोरगा कबूल करतो, काही शे रुपये भरतो आणि दुपारच्या जेवणाला घरी येतो.

चार वर्षांनी तोच पोरगा पोलीस भरतीत १६०० मीटर धावतो, गोळा फेकतो, लेखीत उत्तम मार्क काढतो, निवड यादीत येतो. मग त्याच्या हातात एक छापील फॉर्म पडतो आणि ती विसरलेली दुपार पुन्हा समोर उभी राहते.

कशी बरं? एवढ्याशा गोष्टीचा माग लागतोच कसा? इथून पुढे जे आहे ते मला कायद्याच्या पुस्तकातल्या कुठल्याही रहस्यकथेपेक्षा चमत्कारिक वाटतं.

आधी कोर्टातली ती दहा मिनिटं नीट बघू. पोराच्या लेखी तो दंड म्हणजे बाजारात भरायची पावती. कायद्याच्या लेखी मात्र त्या दहा मिनिटांत एक अख्खा फौजदारी खटला सुरू होऊन संपला. आरोप वाचून दाखवला, आरोपीने तो मान्य केला, कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, शिक्षा सुनावली, शिक्षा भोगून झाली. खुनाच्या खटल्यात जी दोषसिद्धी होते, तीच ही दोषसिद्धी. शिक्षा लहान असेल, जात तीच. आणि गुन्हा कबूल केलेला असल्यामुळे अपिलाचा दरवाजाही जवळजवळ बंद. शिक्षा जास्त झाली किंवा ती बेकायदा आहे एवढंच फार तर म्हणता येतं, 'मी ते केलंच नव्हतं' असं म्हणता येत नाही.

त्याहून गंमत अशी की केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या काही किरकोळ गुन्ह्यांत तर कोर्टात जायचीही गरज नसते. समन्समध्येच दंडाची रक्कम लिहिलेली असते. गुन्हा कबूल असल्याचं पत्र आणि पैसे टपालाने पाठवले की झालं. म्हणजे माणूस घरच्या ओट्यावर बसल्या बसल्या टपालाने दोषी ठरू शकतो!

आणि तो डाव रमीचा असला तर? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, आणि कौशल्याच्या खेळाला आपला जुगाराचा कायदा लागत नाही. म्हणजे पोराला निदान बचावाला जागा होती. पण बचाव करायचा तर तारखा आल्या, वकील आला, रोजची मजुरी बुडणं आलं. त्या हिशेबात दंड स्वस्त पडतो. खरी किंमत चार वर्षांनी कळते. केळीचा घड काढून खोड आडवं केलं म्हणजे बाग संपली असं यावलचा कोणता शेतकरी म्हणेल? जमिनीखाली कंद असतो, त्यातून पिलबाग उभी राहते. दंडाच्या पावतीचंही तसंच आहे.

जमिनीखाली काय काय असतं ते बघा. पोलीस ठाण्याच्या गुन्हे नोंदवहीत एक ओळ. त्याच ओळीची एक प्रत सीसीटीएनएस नावाच्या देशव्यापी जाळ्यात. केंद्राने २००९ मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत देशभरातली हजारो ठाणी जोडली गेली, त्यामुळे यावलची नोंद बघायला आता यावलला यावं लागत नाही. तिसरी नोंद कोर्टाच्या दप्तरात, आणि तिथून ई-कोर्टच्या संकेतस्थळावर. चौथी नोंद कुठल्याच कागदावर नाही, ती पोलीस पाटलाच्या डोक्यात. चारित्र्य पडताळणीसाठी गोपनीयचा हवालदार गावात आला की तो पारावर दोन माणसांना विचारतो, पाटलाला विचारतो. कॉम्प्युटर बंद पडेल, पाटील विसरणार नाही.

आता एक कोडं. त्याच आखाजीला त्याच गावात दुसऱ्या एका पोराने भांडणात कुणाच्या तरी कानाखाली वाजवली. साधी मारहाण. पुढे दोघांच्या घरचे बसले, चहा झाला, कोर्टात जाऊन त्यांनी तडजोड केली. कायदा सांगतो, तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. म्हणजे मारणारा कागदावर निर्दोष आणि पत्ते खेळणारा दोषी! असं का? कारण तडजोड करायला समोर कुणीतरी दुखावलेला माणूस लागतो. पत्त्यांच्या डावात दुखावलेलं कुणी नाही, म्हणून माफ करणारंही कुणी नाही. ज्या गुन्ह्यात कुणाचंच वाईट झालं नाही, तोच अधिक चिकट. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ भिंतीकडे बघत होतो.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात गुन्हाच नसतो. 'चॅप्टर केस' गावागावात माहीत असते. निवडणूक आली, यात्रा आली, दोन गटांत कुरबुर झाली की पोलीस तहसीलदारापुढे प्रकरण नेतात आणि शांतता राखीन असा बंधपत्रावर शब्द लिहून घेतात. पूर्वीचं कलम १०७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १२६. ही शिक्षा नव्हे, ही केवळ खबरदारी. पण केंद्राच्या नोकऱ्यांसाठीच्या साक्षांकन नमुन्यात अटक झाली का, खटला झाला का, दंड झाला का, शिक्षा झाली का या रांगेतच विचारलेलं असतं: कधी बंधपत्र लिहून द्यावं लागलं का? म्हणजे जे तुम्ही केलेलंच नाही, फक्त कराल अशी शंका होती, त्याचंही उत्तर द्यायचंय. हेल्मेटच्या चलनाचं मात्र घाबरायला नको. तडजोड शुल्क भरून मिटवलेलं चलन म्हणजे दोषसिद्धी नव्हे, तिथे प्रकरण खरोखरच संपतं.

तर आपला पोरगा नमुना भरायला बसलाय. अटक? नाही, खरंच झाली नव्हती. खटला? दंड? इथे पेन थांबतं. भरतीच्या पोरांमध्ये एक सल्ला फिरत असतो: "लिहू नको भो, कोण बघतं?" आणि पोरगा 'नाही' लिहितो.

इथे सगळा खेळ फिरतो. आतापर्यंत त्याच्या नावावर पत्त्यांचा एक डाव होता. आता त्याच्या नावावर खोटी माहिती आहे. पडताळणीचा अहवाल येतो, त्यात 'बारा अ' निघतो, आणि नियुक्ती अधिकाऱ्यापुढचा प्रश्न बदलतो. पत्ते खेळणारा पोलीस चालेल का, हा प्रश्नच उरत नाही. पहिल्याच कागदावर खोटं लिहिणारा पोलीस चालेल का, हा प्रश्न उभा राहतो. अशा कित्येक खटल्यांत मूळ गुन्हा इतका मामुली होता की तो लिहिला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. नोकरी गेली ती रिकाम्या सोडलेल्या रकान्यामुळे.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाची खंडपीठं वर्षानुवर्षं दोन दिशांना जात होती. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या हेड कॉन्स्टेबल पदाच्या एका उमेदवाराचा खटला आला. भाडेकरूशी झालेल्या भांडणाची जुनी केस त्याने अर्जात लिहिली नव्हती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंनी त्याच्या बाजूने निकाल देताना थेट व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ वालजाँ आठवला, पावाची चोरी केली म्हणून जन्मभर चोर ठरलेला. तरुणपणी माणसं चुकतात, त्यांना जन्मभराचा डाग लावू नका, असा त्या निकालाचा सूर होता. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, दुसऱ्या खंडपीठाने त्याच दिल्ली पोलिसांच्या प्रकरणात उलटी बाजू घेतली: पोलीस दलात येणाऱ्याचं चारित्र्य स्वच्छच हवं, आणि तडजोडीने किंवा साक्षीदार फिरल्याने सुटलेल्याला नाकारायचा दलाला अधिकार आहे. म्हणजे आपला तो कानाखाली वाजवणारा पोरगा वर 'निर्दोष' होता ना? पोलीस भरतीत त्याची ती पाटीसुद्धा पुरेशी नाही.

मग २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सगळी गुंतवळ सोडवायला घेतली. आजही पडताळणीचा वाद निघाला की वकील आधी हाच निकाल काढतात. त्याचा गाभा असा: लपवाछपवी ही गंभीर गोष्ट आहे, पण म्हणून ती कळली की आपोआप घरी पाठवायचं नाही. गुन्हा कोणता, पद कोणतं, वय काय होतं हे बघायचं. तरुण वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण असेल, सांगितलं असतं तरी नोकरीला बाध आला नसता असं असेल, तर ते लपवणंही माफ करायची मुभा नियुक्ती करणाऱ्याला आहे. आणि नमुन्यातला प्रश्न नेमका हवा. मोघम प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून कुणाला खोटारडा ठरवता येत नाही. प्रकरण खरं सांगितलं तरी नियुक्ती मिळेलच असा हक्क मात्र नाही, हेही त्याच निकालात आहे.

वाचायला छान वाटतं. पण 'मुभा' म्हणजे काय? जळगावच्या टेबलावर जी चूक माफ होईल ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या टेबलावर होईलच असं नाही. कायद्याने माफीचा हक्क दिलेला नाही, माफ करणाऱ्याला अधिकार दिलाय. या दोन्हींत पोराचं आयुष्य मावेल एवढं अंतर आहे.

आणि आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. दंड होता वीस रुपये. हरियाणा सरकारच्या एका कर्मचाऱ्याला १९८० मध्ये सार्वजनिक जागी अश्लील वर्तनाच्या कलम २९४ खाली दंड झाला होता. संक्षिप्त खटला, गुन्हा कबूल, वीस रुपये भरले, विषय संपला. पुढे त्या वीस रुपयांवरून त्याची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तोवर १९९६ उजाडलं होतं! न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तिथे न थांबता संसदेला साद घातली: रोज हजारो माणसं, बहुतेक तरुण, कटकट नको म्हणून असे छोटे दंड भरतात आणि त्यापायी त्यांची नोकरीची वाट बुजते. साधारण दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा ही सरकारी नोकरीसाठी शिक्षाच धरू नये, अशी तरतूद करा. यावलच्या कोर्टातल्या आपल्या काकांचा "कबूल कर, मोकळा हो" हा सल्ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने इतक्या आधी ओळखला होता. तशी सर्वसाधारण तरतूद मात्र आजही झालेली नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. तिथे सज्ञान माणसाचा दंड आता वर्षभरात 'जुना' होतो आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी तो सांगायचीही गरज उरत नाही. आपल्याकडचा प्रश्न जन्मभर मागे जातो.

पण थांबा. आपल्याच कायद्यात एक चोरवाट आहे, आणि तिचा क्रमांक बघून हसू येईल. परिवीक्षा कायदा, १९५८. पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षा दोन वर्षांहून जास्त नसेल अशा प्रकरणात कोर्ट दंड करण्याऐवजी नुसती समज देऊन सोडू शकतं. आणि असं सोडलं तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. कोणत्या कलमाखाली? कलम १२! जुगाराच्या बाराव्या कलमाने अडकवलेला पोरगा परिवीक्षेच्या बाराव्या कलमाने बराचसा सुटू शकतो. तोच गुन्हा, तेच कोर्ट, तीच सकाळ. फक्त 'दंड भरतो' म्हणायच्या आधी कुणीतरी 'साहेब, पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडा' एवढं म्हणायला हवं होतं. दोषसिद्धी यानेही पुसली जात नाही, नमुन्यात लिहावीच लागते. पण पारडं पुष्कळ हलतं.

आणि पोरगा अठराच्या आतला असता तर? मग गोष्टच वेगळी. बाल न्याय कायदा, २०१५ म्हणतो, अशा मुलाला पुढे कुठलीही अपात्रता नाही, आणि अपिलाची मुदत सरली की त्याचं रेकॉर्डच नष्ट करायचं. सोळा ते अठरामधल्या आणि घोर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा अपवाद सोडा, बाकीच्यांसाठी सरकार स्वतःच्या हाताने स्वतःची स्मृती पुसतं. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी खेळलेला डाव पुसला जातो, वाढदिवसाच्या दिवशी खेळलेला राहतो.

सरकारला विसरता येत नाही असं मुळीच नाही. खान्देशाइतका याचा दाखला कुठे मिळणार? १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला तेव्हा सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांशी त्यांची वर्षानुवर्षं चकमक चालली. फौजा पाठवून काही जमेना. तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना धोरण उलटं केलं गेलं: शरण येणाऱ्याचे मागचे गुन्हे माफ, कसायला जमीन, तगाई, आणि तरुणांना थेट पलटणीत नोकरी. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने खान्देश भिल्ल कोअर उभी केली, मुख्य ठाणं धरणगाव. काल ज्यांच्या मागावर शिपाई होते तेच आज शिपाई! आजच्या साक्षांकन नमुन्यात यांतले किती जण बसले असते? यात दयाबुद्धी थोडी आणि हिशेब जास्त होता, न येणाऱ्यांवर बंदुका रोखलेल्याच होत्या. तरी पोलिसी कामासाठी भूतकाळ बाजूला ठेवता येतो, हे याच जिल्ह्यात दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलं गेलं. त्याच राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणून अख्ख्या जमातींना जन्मतःच संशयित ठरवलं, तो कायदा जायला १९५२ उजाडलं. सोयीचं असेल तेव्हा विसरायचं, सोयीचं असेल तेव्हा न केलेलंही लक्षात ठेवायचं.

अलीकडचं उदाहरण तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. टाळेबंदीत घराबाहेर पडल्याबद्दल कलम १८८ खाली ढिगाने गुन्हे दाखल झाले, त्यांत विद्यार्थी पुष्कळ. पुढे नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पडताळणीत ते आडवे यायला लागले. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी हे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं. एका निर्णयाने एवढ्या जणांची वाट मोकळी होऊ शकते, मग आखाजीच्या पत्त्यांनी काय घोडं मारलंय, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

खाजगी नोकरीची तऱ्हा निराळी. पुण्यातली कंपनी यावलला हवालदार पाठवत नाही. ती पडताळणीचं काम दुसऱ्या कंपनीला देते आणि तिथला माणूस ई-कोर्टवर नाव टाकून बघतो. आता यावल तालुक्यात एका नावाचे किती पाटील, किती चौधरी, किती तडवी असतील? नाव तेच, वडिलांचं नावही तेच, गाव शेजारचं. पत्ते एकाने खेळले आणि नोकरी दुसऱ्याची अडली, हे अशक्य नाही. पोलीस पाटलाला सगळे ओळखीचे असतात, संगणकाला सगळे सारखे.

अशा वेळी उपयोगी पडतो तो निकालाच्या प्रतीचा कागद. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज दिला की प्रमाणित प्रत मिळते. आरोपीचं पूर्ण नाव, वय, कलम, कबुली आणि दंडाची रक्कम, सगळं एका पानात. ती नमुन्याला जोडली की अधिकाऱ्यापुढे 'फौजदारी खटला' हे दोन भीतिदायक शब्द राहत नाहीत, काही शे रुपयांचा एक डाव राहतो. खटल्याचा क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्टवर आपलंच नाव टाकून शोधायचं, कंपनीवाला शोधतो तस्संच, फक्त त्याच्या आधी.